कोपरगाव आलं की उठीव

"कोपरगाव आलं की उठीव गं मला," असं त्या आजी म्हणाल्या तेव्हा गाडीनं सातारा सोडलं होतं आणि बाहेर चांगलाच अंधार पडला होता. त्या कराडला चढल्या होत्या. पोचवायला आलेल्या नातवानं दोन पिशव्या बर्थखाली सरकवल्या, "आजे, खिडकीपाशी बस" म्हणाला आणि गाडी हलायच्या आत खाली उतरला. एका पिशवीत कपडे आणि डबा, दुसरीत नुसती वांगी. कृष्णाकाठची, काटेरी देठाची. पिशवीचं तोंड सुतळीनं आवळून बांधलेलं, तरी देठांचे काटे कापडातून बाहेर डोकावत होते. "लेकीला," त्या म्हणाल्या. "तिकडं बी मिळत्यात की वांगी. पर ही न्हाईत मिळत." त्यांचा बर्थ खालचा, त्यांच्यावरचा मधला माझा. मी म्हणाले, "निवांत झोपा आजी, मी उठवते." त्यांच्यासमोर मोबाइलवर गजर लावला आणि त्यांना दाखवलासुद्धा. त्यांनी पडद्याकडे बघून मान हलवली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. ते बघणं माझ्या चांगलं लक्षात आहे. गजर किती वाजताचा आहे हे नव्हत्या बघत त्या, मी कशी आहे ते बघत होत्या.

मला जाग आली ती मनमाडला. "चाय, चाय गरम" अशी हाक खिडकीखालून गेली आणि मी डोळे उघडले. फोन बंद पडलेला होता. नव्या बॅटरीची गरज आहे हे मला दोन महिने माहीत होतं. मी बर्थवरून खाली वाकून बघितलं. खालचा बर्थ रिकामा. चादर नाही, पिशवी नाही. समोरच्या खालच्या बर्थवरची बाई तान्ह्या बाळाला पोटाशी धरून झोपली होती. साइडच्या बर्थवरच्या माणसाला विचारलं, "आजी उतरल्या का हो कोपरगावला?" तो कुशीवर वळत म्हणाला, "उतरलं बाई कुणीतरी." कुणीतरी. मधल्या रात्रीत नगरला, बेलापूरला कितीतरी जण उतरले असतील. आजी कोपरगावलाच उतरल्या, की घाबरून आधीच कुठंतरी उतरल्या, की मनमाडला माझ्या डोळ्यांदेखत फलाटावर उभ्या होत्या आणि मला दिसल्या नाहीत, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

जळगावनंतर लख्ख उजाडलं. मधला बर्थ पाडला, खाली बसले, चप्पल शोधायला वाकले, तर बर्थच्या आत भिंतीला लागून एक वांगं पडलेलं होतं.

ते वांगं हातात घेतलं तेव्हा एक गोष्ट आठवली. रात्री नगरला गाडी थांबली होती आणि मला अर्धवट जाग आली होती. डब्यात तो निळा दिवा होता, त्या उजेडात माणसांचे फक्त आकार दिसतात. मान खाली घालून मी बघितलं तर आजी झोपलेल्या नव्हत्या. बसल्या होत्या. मांडीवर कपड्यांची पिशवी आणि मान पुढं वाकवलेली, हनुवटी जवळजवळ छातीला टेकलेली. मला वाटलं बसल्या बसल्या डुलकी लागली असेल. मनात म्हटलं, कोपरगावला अजून खूप वेळ आहे. आणि डोळे मिटले.

स्लीपरनं प्रवास केलेल्या कुणालाही हे सांगायला नको, तरी सांगते, कारण त्यावरच सगळं अडलेलं आहे. मधला बर्थ वर करून साखळीला अडकवला की खालच्या बर्थवर ताठ बसता येत नाही. डोकं वरच्या फळीला लागतं. बसायचंच असेल तर मान मोडून बसावं लागतं, नाहीतर कडेला येऊन अर्धं अंग बाहेर काढून. म्हणून तर रात्री १० ते सकाळी ६ एवढाच वेळ मधला बर्थ उघडा ठेवायचा असा नियम आहे. आधी ९ पासून होता, २०१७ मध्ये तासभर कमी केला, कारण त्यावरून डब्याडब्यात भांडणं होत होती. खालच्यांना बसायचं असतं, मधल्यांना झोपायचं असतं. आजींना बसायचं होतं. त्या वाकून बसल्या होत्या याचं कारण त्यांच्या डोक्यावर मी झोपले होते. मी उठले असते, बर्थ पाडला असता, त्यांच्याशेजारी बसले असते तर त्यांना पाठ टेकून बसता आलं असतं. त्यांनी मला तसं म्हटलं नाही. खालून फळीवर टकटकसुद्धा केली नाही.

गजर वाजला नाही याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. फोन बंद पडतात. पण नगरला मी बघितलं होतं.

ही गाडी माझ्या ओळखीची आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस. दुपारी कोल्हापूरहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला पोचते. सुमारे १,३५० किलोमीटर, २८ तासांच्या आसपास, आणि एवढ्या अंतरात राज्याची हद्द एकदाही ओलांडत नाही. माझं माहेर सांगली आणि आता संसार नागपूरला, म्हणून मी या गाडीनं पूर्वेकडे जाते तेव्हा घरी परतत असते. आईचं उलटं होतं. तिचं माहेर अकोला. ती सांगलीला सून म्हणून आली आणि दर उन्हाळ्यात आम्हा दोघी बहिणींना घेऊन याच गाडीनं माहेरी जायची. तिच्यासाठी पूर्व म्हणजे माहेर होतं, माझ्यासाठी सासर. गाडी तीच, रूळ तेच. मिरजेहून निघणारी ती ऊन-ऊन दुपार, ताकारीच्या बाजूचा उसाचा हिरवा पट्टा, वाठारच्या पुढं डोंगर सुरू झाला की जड होणारा इंजिनाचा आवाज, बोगद्यात खिडकीतून आत येणारा डिझेलचा धूर, जेजुरीला भंडाऱ्यानं पिवळे झालेले कपडे घालून चढणारी माणसं. हे सगळं मला पाठ आहे. आता मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि तो धूर गेला. त्या धुराचा वास मला कधी कधी उगाचच हवासा वाटतो.

लहानपणी दौंडला मला रडू यायचं. तिथं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. गाडी अर्धा तास उभी, मग एक धक्का, आणि ज्या दिशेनं आलो त्याच दिशेला गाडी परत निघायची. मी झोपेत असायचे. धक्क्यानं जागी झाले की वाटायचं, गाडी सांगलीला परत चालली, आता आजोबांकडे जायचं रद्द झालं. आई माझा हात धरून म्हणायची, "नाही गं, आता नगरला चाललो." मला ते पटायचं नाही. खिडकीबाहेर काळोख आणि पाठीला उलटी ओढ. आता दौंडच्या बाहेरून कॉर्ड लाइन झाली आहे, बऱ्याच गाड्या जंक्शनात न शिरताच परस्पर नगरच्या मार्गाला लागतात. इंजिन फिरवायला लागत नाही. हे सोयीचंच आहे. तरी तिथून जाताना माझं अंग अजून त्या धक्क्याची वाट बघतं.

पण मी जागी व्हायचे तेव्हा आई कायम जागीच असायची, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आमच्या तिघींत दोनच तिकिटं असत, कारण धाकटी पाच वर्षांच्या आतली. आई खालच्या बर्थवर धाकटीला आतल्या बाजूला झोपवायची, स्वतः कडेला बसायची, पायांखाली पत्र्याची ट्रंक आणि पदराचं टोक धाकटीच्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलेलं. मी मधल्या बर्थवर. म्हणजे माझ्याही बर्थखाली आई तशीच वाकून बसलेली असायची, रात्रभर. मला कधी दिसलीच नाही. मला फक्त तिचा हात दिसायचा, मी कड बदलली की खालून वर येणारा, बर्थची कड चाचपणारा. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं त्या मनगटावर वर सारलेल्या असत.

आई झोपायची ती मलकापूर गेल्यावर.

भुसावळला ती तोंड धुऊन यायची, वेणी सोडून परत घालायची. मलकापूरला वऱ्हाडातली माणसं चढायला लागली की तिची भाषा बदलायची. सांगलीत ती जपून बोलायची. एकदा लग्नानंतर नव्यानं "भाजी करून राहिले" म्हणाली तर घरातल्या सगळ्या बायका हसल्या होत्या, ते ती विसरली नव्हती. तिथं तिनं आमच्याकडची भाषा उचलली, अगदी "आलीया, गेलीया"सुद्धा. पण मलकापूर गेलं की दारात उभ्या असलेल्या कुणा बाईला तीच म्हणायची, "काऊन उभी हायेस वं, बस न इथं." आणि सरकून जागा द्यायची. आवाजसुद्धा वेगळा निघायचा, थोडा वरच्या पट्टीतला, मोकळा. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहायचो. शेगावला कचोरी यायची, कागदात गुंडाळलेली, हाताला चटका देणारी, डाळीच्या तिखट सारणाची, बरोबर तळलेली मिरची. आई ती मिरची आधी खायची. खाऊन झालं की ती खिडकीच्या गजांना डोकं टेकायची आणि क्षणात झोपायची. ऊन तोंडावर, डबा गच्च भरलेला, माणसं अंगावर येतायत, आणि ती तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपलेली. अकोला यायला थोडाच वेळ राहिलेला असायचा. त्या थोड्याशा वेळात कुणीतरी अनोळखी बाई धाकटीला मांडीवर घेऊन बसायची आणि आम्हाला म्हणायची, "झोपू द्या मायला तुमच्या."

रात्रभर तिला डब्यातला प्रत्येक जण परका वाटायचा आणि सकाळी त्याच डब्यातला कुणीच नाही.

स्लीपरच्या डब्यात आपण आपली झोप परक्यांच्या हवाली करतो. जुन्या निळ्या डब्यात ७२ बर्थ असतात, नव्या लाल डब्यात ८०. एवढी माणसं एकमेकांची नावं न विचारता एकमेकांसमोर झोपतात. बाहेर आलेले पाय येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्याला लागतात, कुणी झोपेत बोलतं, कुणाचा पदर सरकतो आणि समोरची बाई उठून तो नीट करते. दार नाही, पडदा नाही. पैसे ब्लाउजच्या आत, चपला पिशवीत, बॅग साखळीनं बर्थच्या कडीला. एवढी काळजी घेतल्यावर मग शेवटी समोरच्याला सांगायचं, "जरा लक्ष ठेवा हं, मी पाणी भरून येते." ज्याच्यापासून जपायचं त्याच्यावरच सोपवून जायचं. याला मूर्खपणा म्हणावा तर वर्षानुवर्षं गाड्या अशाच चालल्या आहेत. अलीकडे मी दोन-तीनदा एसी डब्यातून गेले. तिथं गादीवर घालायला पांढऱ्या चादरी मिळाल्या, थंडावा होता, आवाज कमी होता, आणि कुणी कुठं उतरणार हे कुणी कुणाला विचारलं नाही. उतरायच्या स्टेशनाआधी जाग यावी म्हणून रेल्वेच्या १३९ नंबरवर सोय आहे. चांगली सोय आहे, एकट्या माणसाला तिचा आधार आहे. पण आजींकडे तो नंबर नव्हता. माझा चेहरा होता.

मी झोपू शकले, हे एका परीनं मला चांगलंही वाटतं. आईला जे कधी जमलं नाही ते मला जमतं. एकटी बाई, मधल्या बर्थवर, अनोळखी डब्यात, मी पाय पसरून गाढ झोपते. पंचवीस वर्षं मी असे प्रवास केले आणि बहुतेक रात्री माझ्या वाट्याला बरी माणसं आली. कधी कुणी अंगावर चादर ओढून दिली आहे, कधी "ताई, तुमचा फोन पडला" म्हणून हलवून जागं केलं आहे. त्याच भरवशावर मी झोपत आले. त्या रात्री मात्र भरवसा मी द्यायचा होता आणि मी तो गजरावर सोडून दिला. आजींनी तो गजरावर सोडला नाही. त्यांना कळलं होतं. डब्यात शिरल्यावर पहिल्या तासाभरात माणसं ओळखायची असतात आणि त्यांनी मला ओळखलं होतं, असंही कधी कधी रात्री वाटून जातं.

नागपूरला पोचल्यावर आईला फोन केला. आता ती ७४ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे गाडीत चढत नाही, पण मी कुठल्या स्टेशनला किती वाजता होते हे तिला सगळं सांगावं लागतं. आजींचं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती झोपलीच नसती गं. तू उठवणार असतीस तरी झोपली नसती." मी म्हटलं, "मग मला सांगितलं कशाला?" आई म्हणाली, "सांगावं लागतं. नुसतं कुणाला तरी सांगितलं ना, की बरं वाटतं." मग जरा थांबून, "आणि पूल वाजतो की. कोपरगावच्या आधी गोदावरीचा पूल वाजतो. तो ऐकला की बाया उठतात. मी तर त्याच पुलावरून ओळखायची, आता मनमाड येईल म्हणून." मला बरं वाटावं म्हणून ती हे बोलत होती. पण मला दिसत होतं ते दुसरंच: अंधारात, मान वाकवून, पूल कधी वाजतो त्याकडे कान लावून बसलेली बाई. आधी एक, आणि मग दुसरी.

ते वांगं मी घरी आणलं होतं. ओट्यावर ठेवलं. टाकवेना, करवेना. घरातल्यांनी विचारलं, एकच वांगं कशाला आणलंस? काय सांगणार. दोन दिवसांनी त्याची चकाकी गेली, साल सुरकुतायला लागली, देठाचे काटे मऊ पडले. मग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काप केले, हळद-मीठ-तिखट चोळलं, रव्यात घोळवून तव्यावर टाकले. आतून पांढरंशुभ्र निघालं, बी कोवळी. आजी म्हणत होत्या ते खरं होतं, तसं वांगं नागपूरला मिळत नाही. मी एकटीनं खाल्लं. गोड लागलं, आणि घास गिळताना पिशवीचं सुतळीनं आवळलेलं तोंड आठवत राहिलं. इतक्या घट्ट बांधलेल्या पिशवीतून वांगं बाहेर पडायला पिशवी किती जोरात ओढली असेल? कापड फाटलं असेल का? किती वांगी पडली, त्यातली किती अंधारात हातानं चाचपून परत भरली, आणि हे एक राहिलं? त्यावेळी मी दोन हात वर होते.

यंदा दिवाळीनंतर परत येताना माझा बर्थ वरचा होता. खालच्या बर्थवर कॉलेजातली दोन मुलं होती, कानात वायर घालून झोपलेली. नगर गेल्यावर मी खाली उतरले आणि दाराजवळच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. गाडी थोडी उशिरानं धावत होती. दाराच्या फटीतून गार वारा येत होता, त्याला ओल्या मातीचा आणि कुठल्याशा कारखान्याच्या मळीचा वास. बेलापूर गेलं. मग बऱ्याच वेळानं चाकांचा आवाज एकदम बदलला, खालून पोकळ घणघण सुरू झाली. पूल. आईनं सांगितला तसाच, झोपेतल्या माणसालाही कळेल असा. मी दार उघडलं नाही, काचेतून बघितलं. खाली पाणी होतं की वाळू, काही दिसत नव्हतं.

कोपरगावला गाडी थांबली तेव्हा मी दार उघडून फलाटावर उतरले. पायरी आणि फलाट यांच्यात बरंच अंतर होतं, दांडी धरून पाय खाली सोडावा लागला. मी मनात आकडे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आत आमच्या खणापासून दारापर्यंत यायला, बाहेर आलेले पाय चुकवत, दोन पिशव्या घेऊन, किती आकडे लागतील. पंचवीस, तीस. एक पिशवी खाली ठेवायची, वळायचं, दुसरी घ्यायची. पन्नास. मग दांडी धरून पाठमोरं उतरायचं, कारण गुडघे दुखत असले की बायका पाठमोऱ्या उतरतात. पुढच्या डब्यातून एक कुटुंब उतरलं, मुलगा वडिलांच्या खांद्यावर झोपलेला होता. दिव्याखाली मफलर बांधलेला एक माणूस उभा होता, डब्यांचे नंबर वाचत, कुणाला तरी शोधत. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्यापाशी आला. "उतरायचंय का ताई? सामान आहे का आत?"

"नाही," मी म्हणाले. "माझं नागपूर आहे."

तो पुढं गेला. मी मोजत होते. एकशे चारला गाडी हलली.